फॉन्टची शैली आणि जाडी : संगणकाच्या यादीतील नावे

एकाच फॉन्टकुटुंबातले रेग्युलर, मीडियम, बोल्ड, इटॅलिक वगैरे कट संगणकावरच्या लेखन, मांडणी व चित्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये ज्या नावांनी आणि ज्या क्रमाने दिसतात, ती पद्धत. ही नावे फॉन्टच्या फाइलमध्येच लिहिलेली असतात, सॉफ्टवेअर ती फक्त वाचून दाखवते. पण फाइलमध्ये ती एकदाच लिहिलेली नसतात, आणि कोणते सॉफ्टवेअर त्यांतली कोणती नोंद वाचेल हे त्याच्या वयावर व घराण्यावर अवलंबून असते. म्हणून तोच फॉन्ट एकीकडे एका ओळीत बसतो आणि दुसरीकडे सहा ओळी अडवतो.

सोलापुरात या गोंधळाला लिपींचा गुणाकार होतो. शहरात मराठीच्या जोडीला कन्नड, तेलुगू आणि उर्दू चालते. पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांच्या घरातली लग्नपत्रिका, अक्कलकोटच्या बाजूला लागणारा कानडी फलक, संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेतले शुभेच्छांचे फ्लेक्स ही सगळी कामे डीटीपीवाल्याच्या एकाच संगणकावर येऊ शकतात. मजकूर कुठल्याही लिपीतला असो, फॉन्टची आणि कटांची नावे मात्र यादीत बहुधा रोमन अक्षरांतच वाचावी लागतात.

नावांची जागा. ट्रूटाइप व ओपनटाइप फाइलमध्ये नावांचा एक तक्ता असतो आणि त्यातल्या प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो. पहिल्या क्रमांकावर कुटुंबाचे नाव, दुसऱ्यावर शैलीचे, चौथ्यावर पूर्ण नाव, सहाव्यावर पोस्टस्क्रिप्ट नाव. जुन्या विंडोजच्या हिशेबाने एका कुटुंबात चारच शैली मावत : रेग्युलर, इटॅलिक, बोल्ड आणि बोल्ड इटॅलिक. पाचवा कट आला की त्याला वेगळे कुटुंब म्हणून नोंदवण्यावाचून इलाज नव्हता. पुढे सोळाव्या व सतराव्या क्रमांकावर खरे कुटुंब आणि खरी शैली लिहिण्याची सोय झाली, पण जुनी सॉफ्टवेअर अडू नयेत म्हणून आधीच्या नोंदी तशाच ठेवल्या गेल्या. मुक्ता या फॉन्टची सेमीबोल्ड फाइल उघडून पाहिली तर पहिल्या क्रमांकावर ‘मुक्ता सेमीबोल्ड’ आणि दुसऱ्यावर चक्क ‘रेग्युलर’ असते. सोळाव्यावर ‘मुक्ता’, सतराव्यावर ‘सेमीबोल्ड’. चारही नोंदी बरोबर आहेत, फक्त त्या दोन वेगळ्या वाचकांसाठी लिहिल्या आहेत.

मुक्ता हा मुंबईच्या एक टाइप या गटाचा फॉन्ट. त्यात एक्स्ट्रालाइट ते एक्स्ट्राबोल्ड असे सात कट आहेत. इनडिझाइन सोळावी-सतरावी नोंद वाचते, म्हणून तिथे मुक्ता एकदाच दिसतो आणि त्याच्या पोटात सात शैली उघडतात. विंडोजवरचा वर्ड पहिली-दुसरी नोंद धरून चालतो. त्याच्या यादीत मुक्ता, मुक्ता एक्स्ट्रालाइट, मुक्ता लाइट, मुक्ता मीडियम, मुक्ता सेमीबोल्ड, मुक्ता एक्स्ट्राबोल्ड अशा सहा ओळी येतात. सातवा बोल्ड कुठे गेला, असा प्रश्न नवख्याला पडतो. तो ‘मुक्ता’ या ओळीमागेच असतो, बी बटण दाबल्यावर येतो.

त्यात नावाच्या लांबीचीही मर्यादा. विंडोजच्या जुन्या चित्रण-व्यवस्थेत कुटुंबाच्या नावाला ३२ घरे असून शेवटचे घर रिकामे ठेवावे लागते, म्हणजे हाती राहतात ३१. ‘नोटो सान्स देवनागरी एक्स्ट्राकंडेन्स्ड सेमीबोल्ड’ हे नाव रोमन लिपीत, मोकळ्या जागा धरून, ४४ अक्षरांचे होते. असे नाव पहिल्या क्रमांकावर बसवायचे तर ते छाटावे लागते. यादीत मध्येच दिसणारी तुटक, स्वर गाळलेली नावे बरेचदा या जागेच्या टंचाईतून आलेली असतात.

बी बटण. या विषयातली सर्वांत महागडी गैरसमजूत म्हणजे बी दाबले की बोल्ड कट मिळतो. तो मिळतो, पण कुटुंबात तसा कट जोडलेला असेल तरच. वर्डमध्ये ‘मुक्ता मीडियम’ निवडून बी दाबले, तर त्या नावाच्या कुटुंबात एकटी रेग्युलर शैली असल्यामुळे सॉफ्टवेअर मीडियमचीच अक्षरे फुगवून देते. रोमन अक्षरांत हे एखाद वेळी खपून जाते, देवनागरीत खपत नाही. खरा बोल्ड आखताना शिरोरेषा, उभा दंड आणि पोटातली मोकळी जागा यांचा हिशेब वेगवेगळा केलेला असतो. फुगवलेल्या अक्षरात रेषा सरसकट जाड होते. ‘ष’मधली तिरपी रेघ दंडाला चिकटते, ‘द्ध’ आणि ‘क्ष’ बुजतात, मात्रा शिरोरेषेत मिसळते. पत्रिकेच्या बारीक मजकुरात हा डाग वाटतो, फ्लेक्सवर फूटभर उंचीच्या अक्षरात तर लपवायला जागाच उरत नाही. आय बटणाचे तेच. देवनागरीला रोमनसारखी इटॅलिकची परंपरा नाही आणि मुक्तात इटॅलिक कट नाही, म्हणून वर्ड सरळ अक्षर नुसते कलते करतो. इनडिझाइन मात्र नसलेला कट बनवून देत नाही, आणि हाच व्यवहार जास्त प्रामाणिक म्हणायला हवा.

विंडोजसोबत येणाऱ्या मराठी फॉन्टांनीही फुगवलेल्या बोल्डची सवय लावली. र. कृ. जोशी यांनी आखलेल्या मंगलला विंडोज एक्सपीपर्यंत एकच कट होता, त्यामुळे त्या काळातला प्रत्येक ठळक मंगल फुगवलेलाच. बोल्डची स्वतंत्र फाइल विंडोज ७ सोबत आली. विंडोज ८ पासून आलेल्या निर्मला यूआयमध्ये देवनागरी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही लिपी एकाच फाइलमध्ये आहेत, ही सोलापूरच्या कामाला सोयीची गोष्ट. त्याचा सेमीलाइट कट मात्र वर्डच्या यादीत वेगळा फॉन्ट असल्यासारखा स्वतंत्र ओळीत बसतो.

आकडे. नावाखेरीज फाइलमध्ये जाडीचा एक आकडा असतो. १०० म्हणजे थिन, ४०० रेग्युलर, ५०० मीडियम, ७०० बोल्ड, ९०० ब्लॅक. कटांना आकड्यांनी ओळखण्याची कल्पना जुनी आहे. १९५७च्या युनिव्हर्स फॉन्टमध्ये आद्रियाँ फ्रुटिगर यांनी ५५ म्हणजे साधा, ६५ म्हणजे ठळक अशी दोन अंकी पद्धत वापरली होती. नवी सॉफ्टवेअर यादीचा क्रम या आकड्यावरून लावतात. जिथे तो नावाच्या रोमन अकारविल्हेने लागतो, तिथे बोल्ड सर्वांत वर, एक्स्ट्राबोल्डच्या पाठीला एक्स्ट्रालाइट आणि रेग्युलर मीडियमच्याही खाली जातो. हा आकडा जाडी मोजून काढलेला नसतो, आखणाऱ्याने दिलेला असतो. दोन घराण्यांचे ६०० शेजारी ठेवले तर एक दुसऱ्यापेक्षा उघड बारीक निघू शकतो. लिपी बदलल्यावर तर आकड्यावर विसंबून चालतच नाही. गोलाकार कन्नड आणि शिरोरेषेची देवनागरी यांची शाई कागदावर सारखी पडते की नाही, हे डोळ्यांनीच जुळवावे लागते.

ही जुळवणी आखणाऱ्यानेच करून ठेवल्याचे उदाहरण म्हणजे एक टाइपचाच बालू. देवनागरीसाठी नुसता बालू, कन्नडसाठी बालू तम्मा, तेलुगूसाठी बालू तम्मुडू, उर्दूसाठी बालू भाईजान. देवनागरीखेरीज प्रत्येक लिपीला तिच्या भाषेतला भाऊ दिलेला आहे, आणि सोलापूरच्या चारही लिपी या घरात आहेत. मूळ बालू एकाच जाड कटात होता. ‘बालू २’ या आवृत्तीत रेग्युलर ते एक्स्ट्राबोल्ड असे पाच कट झाले. चारही लिपींच्या सुट्या फाइली बसवल्या की इनडिझाइनमध्ये चार ओळी वाढतात, वर्डमध्ये सोळा. चौभाषी फलकावर ‘बालू २ सेमीबोल्ड’शी ‘बालू तम्मुडू २ सेमीबोल्ड’ जुळवताना तो सोळांतून हुडकावा लागतो. घाईत सेमीबोल्डऐवजी बोल्ड लागला, तर तेलुगू ओळ मराठीपेक्षा ओरडून बोलते आणि चूक बहुधा छपाई झाल्यावरच ध्यानात येते.

युनिकोडपूर्वीची नावे. पेजमेकरच्या दिवसांत मराठी डीटीपीचे जग वेगळ्याच नावांवर चालले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीत फॉन्टला नावापेक्षा क्रमांकाने ओळखले जाई. त्या वंशातला ‘श्री देवनागरी ७१४’ आज मॅकमध्ये मुळातच येतो. सी-डॅकच्या ‘डीव्ही-टीटीयोगेश’सारख्या नावात लिपी, फाइलचा प्रकार आणि आखणीचे नाव एकाच दमात सांगितलेले असे. या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार भरलेले असत. म्हणून यादीतले नाव त्याच फॉन्टात दाखवण्याची सोय चालू केली, की नावाऐवजी निरर्थक मराठी अक्षरांचा पुंजका दिसायचा. जुन्या फाइली सांभाळणाऱ्यांना तो आजही कॉरेलड्रॉमध्ये भेटतो. यादी वाचता न आल्याने आकडे पाठ करणे हाच तेव्हा मार्ग होता, आणि क्रमांकांची ती पद्धत आजच्या तुटक रोमन नावांपेक्षा काही वाईट नव्हती.

यादीतली नावे देवनागरीत दिसणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. नावांच्या तक्त्यात प्रत्येक नोंद भाषावार लिहिता येते, आणि विंडोजच्या भाषाक्रमांकांत मराठीला स्वतंत्र क्रमांक आहे. एरिअलच्या बोल्ड फाइलमध्ये जर्मन वाचकासाठी ‘फेट’ अशी नोंद असते. मराठी फॉन्ट आखणारे ही जागा क्वचितच भरतात. एक अडचण खरी आहे : नाव भाषेनुसार बदलले, की एका संगणकावरची फाइल दुसऱ्यावर उघडताना ते जुळेलच याची खात्री राहत नाही.

बदललेले नाव आणि हरवलेला फॉन्ट. दस्तऐवज फॉन्टला नावानेच हाक मारतो. मुक्ता आधी ‘एक मुक्ता’ या नावाने प्रसिद्ध झाला होता. त्या काळची फाइल आज उघडली तर संगणकावर मुक्ता असूनही फॉन्ट सापडत नसल्याची सूचना येते. पीडीएफमध्ये पोस्टस्क्रिप्ट नाव जाते. त्यात मोकळी जागा चालत नाही, म्हणून कटाचे नाव आडव्या रेघेने जोडलेले असते. ग्राहकाने पाठवलेल्या पीडीएफच्या गुणधर्मांत फॉन्टांची यादी उघडली तर नेमका कोणता कट वापरला आहे ते तिथे कळते. ठळक दिसणाऱ्या मजकुरासमोर यादीत मीडियमच असेल, तर ते बी बटणाचे काम.

व्हेरिएबल फॉन्ट. सप्टेंबर २०१६ मध्ये अ‍ॅडोबी, अ‍ॅपल, गूगल व मायक्रोसॉफ्ट यांनी जाहीर केलेल्या या प्रकारात सगळ्या जाड्या एकाच फाइलमध्ये असतात आणि सरकपट्टीने मधली कोणतीही जाडी घेता येते. इनडिझाइनमध्ये ही सोय २०२० च्या आवृत्तीपासून आहे, कॉरेलड्रॉमध्येही २०२० पासून. आखणाऱ्याने नाव देऊन ठेवलेल्या जाड्या यादीत नेहमीच्या शैलींसारख्या दिसतात. सरकपट्टीवर ६३० निवडले तर त्याला नाव नसते. वर्डमध्ये सरकपट्टीच नसल्याने तिथे नावाच्याच जाड्या घ्याव्या लागतात.

फ्लेक्सच्या धंद्याने या सगळ्यातून आपली वाट केव्हाच काढली आहे. मशिनवर फाइल धाडण्यापूर्वी मजकूर ‘कर्व्ह’ करतात, म्हणजे अक्षरांचे रूपांतर नुसत्या आकृत्यांत होते. मग छापणाऱ्याकडे फॉन्ट असो नसो, काम अडत नाही. पण त्यानंतर नावातली वेलांटी चुकल्याचा फोन आला, तर मूळ फाइल शोधावी लागते आणि तीही नसेल तर कोणता कट वापरला होता हे अक्षराकडे बघून ओळखावे लागते.