हिऱ्याचे लिंग

सुरा लहान झाला की सुरी होते, डबा लहान झाला की डबी. मराठीतले हे लिंगभेद आपल्या इतके अंगवळणी पडलेले असतात, की निर्जीव वस्तूला स्त्री वा पुरुष ठरवताना नेमके काय मोजले जाते हा प्रश्नच सुचत नाही. वनस्पती, खडे आणि धातू यांच्या जुन्या विद्येत हे मोजमाप उघड दिसते. ग्रीक थिओफ्रास्टसने इ.स.पू. चौथ्या-तिसऱ्या शतकात नोंदवले आहे, की एकाच जातीच्या खड्यांत फिकट तो मादी आणि गडद तो नर. इ.स. पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीसने मँड्रेक या जादूटोण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या मुळीचेही असेच दोन भाग केले. वनस्पतींच्या खऱ्या लैंगिकतेचा प्रायोगिक पुरावा कामेरारियसने मांडला तो १६९४ साली. तोवर नर-मादी ही बहुधा रंगरूपाची भाषा होती.

आपल्याकडे वाग्भटाच्या नावावरचा, तेराव्या शतकाच्या सुमाराचा मानला जाणारा 'रसरत्नसमुच्चय' हिऱ्याच्या तीन जाती सांगतो. आठ फलकांचा, सहा कोनांचा, अति तेजस्वी तो नर. तोच चपटा, लांबट-गोल असला की नारी. वाटोळा, बोथट कोनांचा, किंचित जड तो नपुंसक. निरीक्षण अचूक आहे. हिऱ्याच्या नैसर्गिक अष्टफलकी स्फटिकाला खरोखरच आठ पृष्ठे आणि सहा कोन असतात, आणि जुळे स्फटिक चपटे निघतात. खटकतो तो पुढचा नियम: नारी-हिरा स्त्रियांना द्यावा, नपुंसक हिरा नपुंसकांना, नर-हिरा मात्र अधिक बलवान म्हणून सर्वांना, सर्वकाळ चालतो. पुरुष हाच सर्वसामान्य माणूस, बाकीचे आपापल्या कोपऱ्यात, हे गृहीतक इतक्या स्वच्छपणे क्वचितच लिहिले गेले असेल.

पण त्याच परंपरेत पारा हे शिवाचे वीर्य आणि गंधक हे पार्वतीचे रज. दोन्ही खलात घोटले की काळी कज्जली होते आणि पाऱ्याच्या असंख्य औषधांची सुरुवात तिथून होते. इथे स्त्रीतत्त्व बाजूला ठेवून वैद्याचे काम चालत नाही. खडे शेजारी मांडून पारखताना उतरंड दिसते, खलात ती टिकत नाही, असे मला वाटते. गंधकाची जन्मकथाही हाच ग्रंथ सांगतो: देवीचे रजाने भिजलेले वस्त्र क्षीरसागरात धुतले गेले आणि पुढे मंथनातून ते रज गंधकरूपाने वर आले. ज्या रजाच्या विटाळासाठी बाईला घरात वेगळे बसवले जाई, त्याचाच गंध इथे देवांना इतका आवडला की त्यावरून पदार्थाला नाव मिळाले.