शेगडी ओसरीवर, चादर अंगावर

सोलापूर म्हटले की ऊन आठवते. इथल्या थंडीचा इतिहास कोण लिहिणार? पण डिसेंबरातली पहाट इथेही बोचते आणि जुन्या घरांनी तिचा बंदोबस्त जवळजवळ इंधनाविना केला होता.

आमचे घर धाब्याचे. जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि पांढऱ्या मातीचा थर. दिवसाचे ऊन ही माती सावकाश पिते, रात्री सावकाश सोडते.

उरलेले काम चादरीचे. जुनी मिल १८७७ मध्ये सुरू झाली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमाग आणि पुढे यंत्रमाग चालवले. जेकार्डवर विणलेल्या जाड सुती चादरीत धाग्यांमध्ये हवा अडकते. ऊब धरते ती हीच हवा. या चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले, पण नक्षीचे कौतुक होते तेवढे उबेचे होत नाही.

कोळशाची शेगडी मात्र आजी निजण्यापूर्वी ओसरीवर नेऊन ठेवी. धूर दिसेनासा झाला की निखाऱ्याची जास्त भीती, असे ती म्हणे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, हे मी पुढे शाळेत शिकलो.

आता स्लॅब आहे. पहाटे गार पडतो. शेजारी हीटर लावतात. आमच्याकडे अजून दोन चादरी, एकावर एक.