आडनाव निसटतं, माहेर टिकतं

आजचा भाग एका फसलेल्या शोधापासून सुरू करू या.

१९६५ साली जॅक केरुआक पॅरिसला गेला. 'ऑन द रोड' लिहिणारा अमेरिकन लेखक, पण घर फ्रेंच बोलणारं, क्यूबेकहून मॅसॅच्युसेट्समध्ये आलेलं. फ्रान्समधून आलेला आपला मूळ पुरुष कोण, हे त्याला हवं होतं. त्याने ग्रंथालय गाठलं, मग ब्रिटनी प्रांतातलं ब्रेस्त शहर गाठलं. हाती काही लागलं नाही. चार वर्षांनी तो वारला, उत्तर न मिळताच.

का मिळालं नाही? कारण तो आडनावाच्या मागे होता, आणि फ्रेंच-कॅनेडियन घराण्यांत आडनाव हीच सगळ्यात निसरडी गोष्ट आहे.

बघा, १६६५ मध्ये कारीन्यां-सालिएर पलटणीचे बाराशेच्या आसपास सैनिक तेव्हाच्या 'नव्या फ्रान्स'मध्ये उतरले. त्यातले सुमारे चारशे तिथेच राहिले. सैनिकांना पलटणीत टोपणनाव असायचं: लाफ्लर म्हणजे फूल, सां-सूसी म्हणजे बिनघोर. कागदावर ते 'दी' हा शब्द घालून आडनावाला जोडलं जायचं. हा 'दी' म्हणजे थेट आपला 'उर्फ'. प्येर ह्यूदों दी बोल्यू हा त्याच पलटणीतला. त्याच्या वंशजांपैकी काही आज ह्यूदों आहेत, काही बोल्यू. घराणं एक, आडनावं दोन!

पहिल्या नावाचाही भरवसा नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी पुष्कळ मुलांना जोझेफ आणि मुलींना मारी हे नाव आधी लागायचं. हाक मारायचं नाव वेगळंच. त्यात एकोणिसाव्या शतकात लाखो लोक न्यू इंग्लंडच्या गिरण्यांत कामाला गेले आणि तिथे ल्ब्लांचा व्हाइट झाला, रुआचा किंग झाला.

मग धरायचं काय? बाईचं नाव.

तिथल्या पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या नोंदवह्यांत बाई जन्मापासून दफनापर्यंत माहेरच्याच आडनावाने येते. मुलाच्या बाप्तिस्म्यात आईचं माहेरचं आडनाव, लग्नात बहुतेकदा दोघांच्याही आई-वडिलांची नावं. म्हणून जाणकार माणूस जोडपं शोधतो. नवऱ्याचं नाव चार तऱ्हांनी लिहिलेलं असलं, तरी बायकोचं नाव जुळलं की घर सापडतं. १६६३ ते १६७३ या काळात राजाच्या खर्चाने सुमारे आठशे बायका तिथे गेल्या. 'राजाच्या मुली' म्हणतात त्यांना. आज कित्येक घराण्यांची वाट त्यांच्यापाशी पोचते ती याच सवयीमुळे.

या वह्यांची किंमत तेव्हाही माहीत होती. १६४० मध्ये क्यूबेकच्या चर्चला आग लागून नोंदी जळाल्या, तेव्हा पाद्र्यांनी त्या आठवणीतून पुन्हा लिहून काढल्या.

आता परत केरुआककडे. १७३२ मध्ये काप-सें-इन्यास गावात त्याच्या पूर्वजाचं लग्न लागलं. वधू लुईझ बर्निये. तिचं नाव सरळ. वराने मात्र नाव बदललेलं होतं! दोन्ही देशांतली कागदपत्रं ताडून संशोधकांनी २०००च्या सुमारास छडा लावला: तो ह्युएलग्वात गावच्या नोटरीचा मुलगा, उर्बैं-फ्रान्स्वा ल बिहां द केर्वोआक. 'ल बिहां' त्याने टाकून दिलं. मागचं केर्वोआक तेवढं उरलं आणि त्याचंच पुढे केरुआक झालं. लेखक शोधत होता ते खरं आडनाव त्याच्या स्वतःच्या नावात नव्हतंच.

आपल्याकडे बरोब्बर उलटं आहे. आडनाव पिढ्यान्पिढ्या चालतं, आणि लग्नात बाईचं नाव पुसलं जातं, कधी कधी पहिलं नावसुद्धा. वंशावळीत बापामागून बाप सापडतात; आया सापडत नाहीत.

तेव्हा आज एक काम करा. तुमच्या पणजीचं माहेरचं नाव घरातल्या कोणाला तरी विचारा आणि कुठेतरी लिहून ठेवा. सांगणारं माणूस आहे तोवरच. भेटू पुढच्या भागात.