हरलेल्यांसाठी आठ जागा

नोव्हेंबर 1998 मध्ये मॉरिशसच्या मध्यवर्ती बँकेनं नव्या नोटा काढल्या आणि बेटावर वाद पेटला. नोटेवर इंग्रजीनंतर तमिळ, मग हिंदी असा शिरस्ता होता. नव्या नोटांवर हिंदी वर गेली होती. तमिळ समाज इतका खवळला की नोटा मागे घेऊन तमिळला जुनी जागा परत द्यावी लागली. नोटांवरचे चेहरेही असेच तोलून घेतलेले: पंचवीसच्या नोटेवर चिनी वंशाचे आ-चुएन, दोनशेवर मुस्लिम नेते अब्दुल रझाक मोहम्मद, हजारावर क्रिओलांचे, म्हणजे गुलामांच्या वंशजांचे, नेते गाएताँ दुव्हाल.

हा तोल स्वातंत्र्याच्याही आधीचा. हिंदू बहुसंख्य, ब्रिटिश गेल्यावर आपलं काय, ही इतरांची धास्ती. 1967 च्या निवडणुकीत स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला सुमारे 44 टक्के मतं पडली. जानेवारी 1968 मध्ये पोर्ट लुईत मुस्लिम आणि क्रिओल एकमेकांवर तुटून पडले, ब्रिटिश फौज बोलवावी लागली. 12 मार्चला देश स्वतंत्र झाला तो या सावटाखाली.

तोडगा आधीच निघाला होता. मतदारांनी 62 आमदार निवडायचे. मग ज्या समाजाला कमी जागा मिळाल्या, त्यातल्या हरलेल्या उमेदवारांतून जास्तीत जास्त आठ जण सभागृहात घ्यायचे. त्यासाठी उमेदवारानं अर्जावर समाज लिहायचा: हिंदू, मुस्लिम किंवा चिनी. ‘राहणीवरून’ यांत न बसणारे सगळे ‘सर्वसाधारण लोकसंख्या’. त्यामुळे गुलामांचे वंशज आणि ऊसमळ्यांच्या गोऱ्या मालकांचे वंशज एकाच रकान्यात! मुंबई बंदरातून गिरमिटावर गेलेल्या कोकण्यांची नातवंडं भोजपुरी, तमिळ, तेलुगूंबरोबर हिंदूंत. मंत्रिमंडळ बनवताना मात्र मराठी कोण, तमिळ कोण हे पाहिलं जातंच. ते कुठल्या कायद्यात नाही.

या सोयीचा एक फायदा कुणी योजला नसावा. 1982 मध्ये विजयी आघाडीनं मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा जिंकल्या. तिथले विरोधक सभागृहात पोचले ते या हरलेल्यांच्या दारातून.

गोची आकड्यांची आहे. समाजवार शिरगणती शेवटची झाली 1972 मध्ये. त्यानंतर समाज विचारणंच बंद झालं, जागावाटप मात्र आजही त्याच आकड्यांवर. म्हणजे देश माणसांना समाज विचारत नाही, उमेदवाराला विचारतो. काहींनी रकाना कोरा सोडला, अर्ज बाद झाले. प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत गेलं आणि 2012 मध्ये समितीनं त्यांच्या बाजूनं मत दिलं. सरकारनं 2014 मध्ये समाज न लिहिण्याची मुभा दिली, पण त्या एका निवडणुकीपुरती. 2019 मध्ये रकाना परत आला.