दूध बंद करायचंय? सोया, बदाम, ओट की नारळ... कोणतं 'दूध' कुणासाठी?

अहिल्यानगर जिल्ह्यात कुणी 'मी दूध सोडलं' असं म्हटलं, तर घरचे आधी काळजीत पडतात. साहजिकच आहे. संगमनेर, अकोले, राहुरी, राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर या भागात अनेक घरांचा खर्च दुधाच्या पगारावर चालतो. जून २०१७ चा शेतकरी संप राहाता तालुक्यातल्या पुणतांब्यातून सुरू झाला, तेव्हा रस्त्यावर ओतलेल्या दुधाचे फोटो देशभर पोहोचले होते.

पण याच जिल्ह्यात दूध प्यायलं की पोट फुगणारे लोकही आहेत. कुणाच्या बाळाला दुधाची ॲलर्जी निघते, तर कुणी रील बघून व्हीगन व्हायचं ठरवतं. मग प्रश्न येतो, दुधाऐवजी काय? सुपरमार्केटमध्ये सोया, बदाम, ओट, नारळ अशी पाकिटं शेजारी शेजारी ठेवलेली असतात. रंग साधारण सारखाच, पण आतला माल अगदी वेगळा. त्यातलं नेमकं कोणतं घ्यायचं, ते समजून घेऊ.

आधी ठरवा, दूध का सोडायचंय?

याचं उत्तर माणसागणिक बदलतं आणि त्यावरच पुढची निवड अवलंबून आहे.

लॅक्टोज पचत नसेल तर: लॅक्टोज ही दुधातली नैसर्गिक साखर. ती पचवायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं एन्झाइम लागतं. अनेकांमध्ये वय वाढतं तसं ते कमी होतं. मग न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू ती आंबवतात आणि गॅस, पोटदुखी, जुलाब सुरू होतात. पण अशा लोकांना दुधाचं सगळंच सोडावं लागतं असं नाही. दही आणि ताकात लॅक्टोज कमी असतं, साजूक तुपात जवळपास नसतंच. अनेकांना जेवणासोबत कपभर दूध चालूनही जातं. बाजारात लॅक्टोज-फ्री दूधही मिळतं. ते गाईचंच असतं, फक्त त्यातली साखर आधीच फोडलेली असते.

दुधाची ॲलर्जी असेल तर: हा वेगळा आणि जास्त गंभीर प्रकार आहे. इथे शरीराची रोगप्रतिकारशक्ती दुधातल्या प्रथिनांना शत्रू समजते. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात, काहींना श्वास घ्यायला त्रास होतो. लॅक्टोज-फ्री दूध, दही, पनीर यातलं काहीही चालत नाही. तूपसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

व्हीगन व्हायचं असेल तर: प्राण्यांपासून आलेलं काहीच नको. म्हणजे दूध, दही, तूप, पनीर सगळं बंद. पोषणाची भरपाई सगळ्यात जास्त यांनाच करावी लागते.

'शेळीचं दूध घे, ते चालतं' हे खरं आहे का?

जिल्ह्यात हा सल्ला हमखास मिळतो. संगमनेरी ही शेळीची प्रसिद्ध जातच इथली आहे. पण शेळीच्या दुधातही लॅक्टोज असतं, गाईच्या दुधापेक्षा किंचितच कमी. शिवाय शेळीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या दुधातल्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात, की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना शेळीच्या दुधाचाही त्रास होतो. देशी गाईच्या किंवा 'ए-टू' दुधातही लॅक्टोज तितकंच असतं. त्यामुळे ॲलर्जी असलेल्या मुलावर हे प्रयोग घरी करू नयेत.

संकलन केंद्रावरचा नियम इथेही लावा

संकलन केंद्रावर दूध घालणाऱ्या प्रत्येकाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हे आकडे पाठ असतात. दूध पांढरं दिसतं म्हणून भाव मिळत नाही, आत काय आहे ते मोजून मिळतो. एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधात उरलेले घन पदार्थ. त्या साडेआठ टक्क्यांमध्ये निम्म्याहून जास्त लॅक्टोज असतं, तीन टक्क्यांच्या वर प्रथिनं आणि उरलेली खनिजं, ज्यात कॅल्शियम येतं.

वनस्पतीजन्य 'दूध' घेतानाही हाच नियम लावायचा. त्यात लॅक्टोज नसतं. पण प्रथिनं आणि कॅल्शियम आहे का, हा खरा प्रश्न आहे. गाईच्या दुधाच्या २५० मिलीच्या ग्लासात साधारण ८ ग्रॅम प्रथिनं आणि ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तुलना या दोन आकड्यांशी करा.

कोणत्या 'दुधात' काय असतं?

सोया: प्रथिनांच्या बाबतीत गाईच्या दुधाच्या सगळ्यात जवळ. एका ग्लासात साधारण ६ ते ८ ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि त्यांचा दर्जाही चांगला असतो. वास काहींना आवडत नाही. थायरॉइडची गोळी चालू असेल, तर गोळी आणि सोया यांच्यात किती अंतर ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा, कारण सोयामुळे गोळी शरीरात कमी शोषली जाऊ शकते. सोयाची ॲलर्जी असलेल्यांनी अर्थातच टाळावं.

शेंगदाणा: पाकिटात क्वचित मिळतं, घरी सहज होतं. दाणे किती वापरले यावर प्रथिनं ठरतात. चवीला जड असतं, पण खीर किंवा आमटीसाठी छान. शेंगदाण्याची ॲलर्जी मात्र तीव्र असू शकते.

बदाम: आपल्याकडे 'बदाम दूध' म्हणजे बदाम घातलेलं गाई-म्हशीचं दूध. हॉटेलात मागताना हे लक्षात ठेवा. पाकिटातलं बदामाचं पेय वेगळं. त्यात बहुतांश पाणी असतं आणि एका ग्लासात प्रथिनं साधारण १ ते २ ग्रॅम. साखर न घातलेलं असेल तर कॅलरी खूप कमी. वजन कमी करणाऱ्यांना चालेल, पण पोषणासाठी यावर विसंबू नका.

ओट: दाटसर असल्यामुळे चहा-कॉफीत चांगलं लागतं. प्रथिनं २ ते ३ ग्रॅम. बनवताना एन्झाइम वापरून ओटमधल्या पिष्टाची साखर केली जाते. त्यामुळे 'साखर घातलेली नाही' असं लिहिलेलं असलं तरी आत साखर असू शकते. मधुमेह असलेल्यांनी पाकिटामागचा आकडा बघावा.

नारळ: सोलकढीमुळे ओळखीचं. घरी काढलेल्या दाट नारळाच्या दुधात भरपूर फॅट असतं आणि त्यातलं बहुतेक सॅच्युरेटेड. पिण्यासाठी मिळणारं नारळाचं पेय पातळ असतं. दोन्ही प्रकार प्रथिनांच्या बाबतीत कमजोर.

तांदूळ: ॲलर्जीचा धोका सगळ्यात कमी, पण प्रथिनं नावापुरती आणि साखर जास्त. तांदळात आर्सेनिक असू शकतं, म्हणून ब्रिटनची आरोग्य यंत्रणा पाच वर्षांखालच्या मुलांना तांदळाचं पेय न देण्याचा सल्ला देते.

नाचणी: अकोल्याच्या डोंगराळ भागात पिकणारी नागली कॅल्शियमसाठी प्रसिद्ध आहे. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पण ते मुख्यतः दाण्याच्या सालात असतं. भिजवून, वाटून, गाळून दूध किंवा सत्त्व काढलं की बराचसा भाग चोथ्यात जातो. कॅल्शियम हवं असेल तर न चाळलेल्या पिठाची भाकरी किंवा आंबील जास्त फायद्याची.

घरी बनवलं तर परवडतं का?

पाकिटातलं पेय गाईच्या दुधापेक्षा बरंच महाग पडतं. घरी बनवायचं तर सोयाबीन सगळ्यात स्वस्त आहे आणि जिल्ह्यात ते पिकतंही. लिटरभर दुधाला १०० ते १२५ ग्रॅम सोयाबीन पुरतं. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. त्या हिशोबाने १०० ग्रॅमचे सव्वापाच रुपये होतात. किराणा दुकानात भाव जास्त असेल आणि गॅसचा खर्च वेगळा, तरी पाकिटापेक्षा हे खूपच स्वस्त आहे.

कृती अशी:

१. सोयाबीन ८ ते १० तास भिजवा आणि चोळून साल काढा.
२. गरम पाणी घालून बारीक वाटा. गरम पाण्यामुळे उग्र वास कमी होतो.
३. सुती फडक्यातून गाळा.
४. मोठ्या पातेल्यात सतत ढवळत १५ ते २० मिनिटं उकळा. फेस खूप येतो, पातेल्याजवळून हलू नका.
५. गार करून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. चोथा थालीपिठात वापरता येतो.

उकळणं टाळू नका. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे घटक असतात, ते उष्णतेने निष्प्रभ होतात. आणि शेतकरी घरांसाठी महत्त्वाचं: पेरणीतून उरलेलं, बीजप्रक्रिया केलेलं बियाणं यासाठी अजिबात वापरू नका. त्याला बुरशीनाशक किंवा कीटकनाशक लावलेलं असतं. धुऊनही ते खाण्यालायक होत नाही.

घरच्या दुधाची एक मर्यादा आहे. त्यात वरून कॅल्शियम किंवा जीवनसत्त्वं मिसळलेली नसतात.

पाकीट कसं वाचायचं?

पुढचं चित्र सोडा, मागची बाजू बघा.

• प्रथिनं: १०० मिलीमागे ३ ग्रॅमच्या आसपास असतील तर दुधाला पर्याय. १ ग्रॅमपेक्षा कमी असतील तर ते फक्त पेय.
• कॅल्शियम: १०० मिलीमागे १२० मिलिग्रॅमच्या जवळ हवं. वरून मिसळलेलं कॅल्शियम तळाशी बसतं, म्हणून पाकीट नीट हलवून ओता.
• साखर: घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पाण्यानंतर लगेच साखर दिसली तर समजून जा. चॉकलेट, व्हॅनिला असे फ्लेवर रोजच्यासाठी घेऊ नका.
• जीवनसत्त्वं: बी-१२ आणि डी घातलेलं आहे का ते बघा.

पाकिटावर 'मिल्क' ऐवजी 'ड्रिंक' किंवा 'बेव्हरेज' का लिहिलेलं असतं? कारण भारतात अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार वनस्पतीजन्य पेयांना दूध म्हणून विकता येत नाही. नारळाच्या दुधासारख्या रूढ नावांना सूट आहे. युरोपातही २०१७ मध्ये तिथल्या न्यायालयाने असाच निकाल दिला होता.

हिरव्या ठिपक्यावरही विसंबू नका. त्याचा अर्थ शाकाहारी, आणि शाकाहारात दूध येतं. बिस्किटात, चॉकलेटमध्ये दुधाची पावडर असू शकते. ॲलर्जी असेल तर घटकांच्या यादीजवळची ॲलर्जीची सूचना वाचा. व्हीगन पदार्थांसाठी हिरव्या रंगात 'व्ही' असलेलं वेगळं चिन्ह आहे. मात्र ते फक्त प्राणिजन्य काही नाही एवढंच सांगतं, पोषणाची हमी देत नाही.

लहान मुलांना देता येतं का?

एक वर्षाच्या आतल्या बाळाला आईचं दूध किंवा डॉक्टरांनी सांगितलेला फॉर्म्युलाच. बदाम, ओट, तांदूळ, नारळ, घरचं सोया, यातलं काहीही त्याची जागा घेऊ शकत नाही.

एक ते पाच या वयातही काळजी हवी. २००१ मध्ये अमेरिकेतल्या 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात दोन बालकांची नोंद प्रसिद्ध झाली होती. दुधाऐवजी तांदळाच्या पेयावर वाढवलेल्या एकाला प्रथिनांच्या कमतरतेचा क्वाशिओरकर झाला होता, तर पोषक घटक न मिसळलेल्या सोया पेयावर असलेल्या दुसऱ्याला मुडदूस. पालकांना ही पेयं दुधाइतकीच पौष्टिक वाटली होती. म्हणून मुलाचं दूध बंद करायचा निर्णय बालरोगतज्ज्ञांशिवाय घेऊ नका.

दूध सोडल्यावर बाकीची भरपाई कशी?

प्रौढांना दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस आहे. तीळ, नाचणी, राजगिरा, शेवग्याचा पाला यातून बरंच मिळतं. दोन चमचे तिळाची चटणी आणि नाचणीची भाकरी हे ताटात रोज असू शकतं. प्रथिनांसाठी डाळी, उसळी, शेंगदाणे, सोयाबीन आहेतच.

बी-१२ चं मात्र तसं नाही. वनस्पतींमधून ते भरवशाने मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दूध-दह्यातूनच मिळतं. ते थांबवलं की कमतरता हळूहळू वाढते: थकवा, हातापायांना मुंग्या, विसराळूपणा. म्हणून मांस, मासे, अंडी न खाणाऱ्यांनी दूध सोडताना रक्तातलं बी-१२ तपासावं आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी सुरू करावी.

आणि चहा?

सोया किंवा बदामाचं पेय उकळत्या चहात थेट ओतलं तर फुटू शकतं. चहा आधी पाण्यात उकळून घ्या, गॅस बंद करा, पेय वेगळं कोमट करा आणि शेवटी मिसळा. आल्याचा चहा असेल तर आलं पाण्यातच नीट उकळू द्या.

थोडक्यात, कुणी काय घ्यावं?

• फक्त लॅक्टोजचा त्रास: आधी दही, ताक, लॅक्टोज-फ्री दूध करून बघा. कदाचित पाकिटाची गरजच पडणार नाही.
• दुधाची ॲलर्जी: कॅल्शियम घातलेलं सोया, तेही डॉक्टरांना विचारून. सोया चालत नसेल तर बाकीच्या पेयांसोबत प्रथिनांची वेगळी सोय.
• व्हीगन आहार: कॅल्शियम आणि बी-१२ घातलेलं, बिनसाखरेचं सोया. शिवाय बी-१२ ची तपासणी.
• मधुमेह: बिनसाखरेचं सोया किंवा बदाम. तांदूळ टाळा, ओट जपून.
• कमी खर्चात: घरचं सोया दूध, जोडीला तीळ आणि नाचणी.
• फक्त चहा-कॉफीपुरतं: चवीला आवडेल ते, पण बाकीचं पोषण ताटातून.

दूध सोडल्यानंतर वजन घटत राहिलं, सतत थकवा आला किंवा पोटाचा त्रास तसाच राहिला, तर पेय बदलत बसू नका. त्रासाचं मूळ दुधात नसून दुसरीकडे असू शकतं. डॉक्टरांना दाखवा.