‘फिल्म न्वार’ : उकलीपलीकडचे आकर्षण

‘फिल्म न्वार’ ही संज्ञा हॉलिवूडची नव्हे. युद्धकाळात अडून राहिलेले अमेरिकी चित्रपट १९४६ मध्ये पॅरिसला पोहोचले, तेव्हा नीनो फ्रांक या समीक्षकाने ती योजली. गुन्हेगार कोण, यापेक्षा नायक वागतो कसा, हा प्रश्न त्याला महत्त्वाचा वाटला. आणि तो योग्यच होता. ‘द बिग स्लीप’मध्ये (१९४६) शोफरचा खून कोणी केला, हे अखेरपर्यंत स्पष्ट होत नाही, तरी प्रेक्षकाचे काही अडत नाही. होम्सच्या जगात उकल व्यवस्था पूर्ववत करते. ‘द मॉल्टीज फाल्कन’मधील (१९४१) स्पेड मात्र नावडत्या भागीदाराच्या खुनासाठी प्रिय स्त्रीला पोलिसांच्या हवाली करतो. लिफ्टच्या जाळीची सावली तिच्या चेहऱ्यावर पडते. स्पेड जिन्याने उतरतो.