डुप्लिकेट टीव्ही गेम आणि आमची वस्ती

नगर जिल्ह्यातल्या आमच्या वस्तीत निन्टेन्डो हे नाव कुणी ऐकलेले नव्हते. आम्हाला माहीत होता तो ‘टीव्ही गेम’. बाजारातून चार-पाचशेला आणलेला, पिवळी-पांढरी पिन टीव्हीला लावायची, कॅसेट फुंकून बसवायची. कॅसेटवर लिहिलेले असायचे ‘९९९९ इन १’. मोजायला बसलो तर तेच वीस-पंचवीस गेम पुन्हा पुन्हा!

याचा इतिहास पाहा. निन्टेन्डोने १९८३ साली जपानमध्ये ‘फॅमिकॉम’ आणला. १९८५ साली अमेरिकेत विकलेल्या यंत्रात परक्या कॅसेटी अडवणारी कुलूप-चिप होती, फॅमिकॉममध्ये ती नव्हती. त्यामुळे त्याच्या कॅसेटींची नक्कल सोपी. तैवान आणि चीनमधल्या कारखान्यांनी यंत्राचीही नक्कल केली. पुढे अख्खे यंत्र एका चिपमध्ये मावले, किंमत कोसळली. (आमचा बंद पडलेला गेम उघडला, तर आत एक काळा थेंब आणि चार वायरी.) रशियात त्याला डेंडी म्हणत, पोलंडमध्ये पेगासस.

शिकलेले लोक म्हणतात, ही चोरी होती. होतीच. १९८४ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅमही आले होते, आणि मारिओ किंवा कॉन्ट्रा बनवणाऱ्यांना त्या कॅसेटींचा एक पैसाही मिळाला नाही. पण ज्यांना अस्सल यंत्र परवडत होते त्यांच्या उंबऱ्याबाहेर उभे राहून टीव्ही पाहिलेल्या पोरांना हा उपदेश करणे आम्हाला जमत नाही. नकली गेम आला आणि आमचीच पोरे आमच्याच घरात, आमच्याच टीव्हीसमोर नंबर लावून बसली.

आमची तक्रार वेगळी आहे. त्याच यंत्राचा कीबोर्डवाला प्रकार आला होता, सोबत बेसिक भाषेची कॅसेट. म्हणजे प्रोग्रॅम लिहिता येणारा कॉम्प्युटर! चीनमध्ये सुबोर कंपनीने तो ‘शिकण्याचे यंत्र’ म्हणूनच खपवला. २००८ च्या सुमारास डेरेक लोमस यांच्या ‘प्लेपॉवर’ने अशाच स्वस्त आठ-बिट यंत्रांसाठी शिकण्याचे गेम करायला घेतले. आमच्याकडे मात्र त्याचे पुस्तक इंग्रजीत, समजावणारा कुणी नाही. विहारात अभ्यासिका होती, तिथेही तो कुणी नेला नाही, आम्हीही नाही. त्या कीबोर्डवर वस्तीतल्या पोरांनी एकच बटण झिजवले, मारिओ सुरू करायचे.